काळ्या कागदातले कवठघाट

मी एक जुनी निगेटिव्ह आहे, मित्रांनो, आणि तीही काचेची. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखे काही पाहिलेले नसेल. वहीच्या पानाएवढी एक काच, तिच्या एका बाजूवर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात चांदीचे इतके बारीक कण की ते एकेकटे डोळ्यांना दिसत नाहीत. हे कण जिथे दाट आहेत तिथे मी काळी दिसते आणि जिथे विरळ आहेत तिथे पारदर्शक. जगात जे उजळ असते ते माझ्यात काळे असते. म्हणून मला पहिल्यांदा हातात घेणारा जरा दचकतो. त्याला पांढऱ्या केसांची आणि काळ्या चेहऱ्यांची माणसे दिसतात. मला कागदावर छापले, की मगच ती नेहमीच्या माणसांसारखी होतात.

माझ्यावर कवठघाटच्या बायका आहेत. पूर्वी होत्या तेवढ्या आता नाहीत. काही कशा गेल्या, ते मला सांगायचे आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात, पूर्ण अंधारात झाला. काचेवर थर चढवला, वाळवला, काळ्या कागदात गुंडाळून माझ्यासारख्याच इतर काचांबरोबर पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवले. जहाज, आगगाडी, नागपुरातले एक दुकान, असे करत मी विदर्भात वर्धा नदीच्या काठावर कवठघाटला आले. तिथे गुणवंत नावाचा फोटोग्राफर होता. त्याचा स्टुडिओ म्हणजे नदीकडच्या रस्त्यावरची एक खोली आणि तिच्या मागे एक अंधारी खोली. अंधाऱ्या खोलीत तो लाल दिवा लावून काम करी, कारण आम्हांला लाल रंग दिसत नाही. बायकांचे कुंकूसुद्धा आमच्यात चांदी न साठलेला स्वच्छ ठिपका म्हणून उमटते आणि छापल्यावर काळे दिसते.

कवठघाटला कापसाची गिरणी होती. गावाचे घड्याळ म्हणजे तिचा भोंगा. बैलगाड्यांतून कापूस येई, नावेतून पलीकडच्या काठावरचे कामगार येत. गिरणीचे रंगखाते पाणी थेट नदीत सोडी, त्यामुळे घाटाखालचे पाणी एखाद्या दिवशी निळे असे, एखाद्या दिवशी तांबडे. पोरे तिथे पोहत आणि घरी गेल्यावर कानांमागचा रंग लपवत. नदी घाण होते आहे असे तेव्हा कुणी म्हणत नसे. गिरणी चालू आहे, एवढेच त्या रंगावरून सगळे समजत.

गुणवंताने या सगळ्याचे फोटो घेतले होते. धुराडे, घाट, रंगाऱ्यांचे हात, कापसाच्या गाठी वाहणाऱ्या नावा. त्यासाठी त्याला कुणी बोलावले नव्हते. गिऱ्हाइकाच्या कामातून एखादी कोरी काच, म्हणजे प्लेट, उरली, की तो ती घेऊन नदीवर जाई. त्याची प्रत्येक प्लेट जपून वापरायची सवय होती आणि त्याचा एक कडक नियम होता. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला तो बजावी, ‘काळा कागद उजेडात उघडायचा नाही.’

माझी पाळी एका थंडीच्या सकाळी आली. ज्या खात्यात सुताच्या लडी करत, तिथे फक्त बायका काम करत. त्या खात्याचा फोटो काढायचे गिरणीने ठरवले होते. नदीकडे तोंड असलेल्या फाटकासमोर बायका रांगांत उभ्या राहिल्या. पुढच्या रांगेत डाव्या टोकाला गुणवंताची बायको द्वारका होती. तीही त्याच खात्यात कामाला होती. तिच्या पोटात तेव्हा मूल होते, आणि ते दिसू नये म्हणून तिने पदर पुढे ओढून घेतला होता. तिच्या शेजारी प्रभा नावाची एक मुलगी उभी होती. ती कामगार नव्हती. आईचा डबा पोचवायला आली होती आणि फोटो काढताहेत म्हटल्यावर घरी परत जायला तयार नव्हती.

गुणवंताने कॅमेऱ्याच्या भिंगावरचे झाकण काढले, मोजले आणि परत लावले. तेवढ्या वेळात त्या सगळ्या बायका माझ्यावर आल्या.

स्वतःच्या बायकोचा फोटो त्याने त्याआधी कधी काढला नव्हता. गिऱ्हाइकांच्या कामातून सवड झाली की काढू, असे तो म्हणत असे. त्यानंतरही त्याने तो काढला नाही, कारण पुढच्याच पावसाळ्यात वर्धेला पूर आला. खालचे गाव पाण्यात गेले. स्टुडिओतला कागदावरचा प्रत्येक फोटो लगदा होऊन गेला. गिरणीच्या कचेरीत लावलेली माझी एकुलती एक प्रतही गेली. आमचा डबा सर्वांत वरच्या फळीवर होता म्हणून आम्ही वाचलो. पूर ओसरल्यावर तापाची साथ आली आणि तिच्यात द्वारका गेली. तिची मुलगी हेमलता तेव्हा पाळण्यात होती.

गुणवंताने आम्हा नदीवरच्या प्लेटा एका रिकाम्या डब्यात एकत्र ठेवल्या. हाताशी होता तो कागद आमच्यामध्ये घातला. तो काळाच होता. पुढे गुणवंत कधीकधी डबा मांडीवर घेऊन बसे. उघडत मात्र नसे आणि मला पुन्हा त्याने कधी छापले नाही. त्याचे कारण मला ठाऊक नाही. मला फक्त उजेड कळतो.

हेमलता मोठी होऊ लागली. आई कशी होती, असे तिने विचारले की तो डब्यावर हात ठेवून म्हणे, ‘यात आहे.’ आणि लहानपणापासून रोज तिने दुसरे वाक्यही ऐकलेले होते, काळा कागद उजेडात उघडायचा नाही. तिने दोन्ही वाक्ये जोडली.

मित्रांनो, ही चूक फोटोग्राफरच्याच मुलीकडून होऊ शकते. तो नियम कोऱ्या प्लेटांसाठी होता. कोऱ्या प्लेटेला क्षणभर उजेड लागला तरी ती वाया जाते. पण एकदा औषधात धुऊन पक्की केलेली प्लेट खिडकीत ठेवली तरी तिला काही होत नाही. हे गुणवंताला इतके उघड वाटत असावे की त्याने ते कधी बोलून दाखवले नाही. मुलीच्या मनात काय आहे ते त्याला कळले नाही. ती कॉलेजात असताना तो एका दुपारी बसल्या जागी गेला.

हेमलताने आम्हांला लग्नात बरोबर आणले. नागपूर झाले, हैदराबाद झाले, मग मुलाच्या केंद्र सरकारच्या नोकरीबरोबर दिल्ली. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आम्हांला माळ्यावर जागा मिळाली. खालीच कूलर होता. उन्हाळाभर त्याची ओल वर येई आणि पावसाळ्यात ती जात नसे. जिलेटिन हे बुरशीचे अन्न आहे. माझ्या कडांवरून तपकिरी धागे आत येऊ लागले. बुरशीने खाल्लेले जिलेटिन मग पाण्यात सहज सुटते. आतून हे चालले होते आणि बाहेरून हेमलता दर दिवाळीला डबा पुसून पुन्हा वर ठेवी. घरात सगळ्यांना तिची ताकीद होती, हा उघडायचा नाही, आत आई आहे. मुलगा राजीव म्हणे, ‘हो गं, कोण उघडतंय.’ आणि कोणीच उघडले नाही.

असेच चालले असते. पण दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतच्या लढाईचे स्मारक असलेल्या काला अंबला जातात. बस कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्य सरकारच्या अतिथीगृहापासून निघते. त्या बसमध्ये हेमलताच्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. फरिदाबादला मुलाकडे राहणारी. बोलता बोलता गावे निघाली.

‘कवठघाट?’ म्हातारी म्हणाली. ‘गुणवंत फोटोवाल्याची पोरगी तू? अगं, तुझ्या आईनं मला भाकरीवर गूळ घालून दिलाय. मी प्रभा.’

हेमलताने तिचा हात धरला, तो बस मुरथलचे ढाबे मागे टाकून गेली तरी सोडला नाही. तिची आई पाहिलेले माणूस तिला कित्येक वर्षांत भेटले नव्हते. वडील गेले, सांभाळणारी आत्या गेली, गिरणी बंद पडून कवठघाटची माणसे कुठे कुठे गेली. शेवटी तिने डब्याबद्दल सांगितले. आत बायकांच्या खात्याचा फोटो आहे, पण त्यातली आई कोणती ते मला कोण सांगणार, असेही सांगितले.

‘मी सांगते की. फोटो दाखव, मी बोट ठेवते.’

‘उजेडात उघडता येत नाही हो तो.’

‘मग काय अंधारात बघायचा?’ प्रभाताई हसली. पुढे बसलेली माणसेही हसली. हेमलता हसली नाही.

त्यानंतर दोघींचे फोन होत. प्रभाताई दरवेळी विचारी, ‘काढलास का फोटो?’ आणि हेमलता म्हणे, ‘बघू.’ हे बोलणे खाली चाले आणि आम्ही वर असू. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी प्रभाताईच्या मुलाचा, अमोलचा फोन आला. आईला दवाखान्यात ठेवले आहे, डॉक्टर फार काही बोलत नाहीत, तुमची आठवण काढते आहे.

फोन ठेवून हेमलता खुर्चीवर बसून राहिली. सून केतकी चहा घेऊन आली. केतकी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवशी शनिवार होता.

‘आई, आत्ताच निघू या. आणि तो डबा पण घेऊ बरोबर.’

‘घेऊन काय करू? दवाखान्यात अंधार कुठून आणू?’

केतकीने कप खाली ठेवला. ‘अंधार कशाला?’

तेव्हा हेमलताने पहिल्यांदा तो नियम कुणाला तरी पूर्ण सांगितला. केतकी ऐकत होती.

‘आई, तो नियम न वापरलेल्या प्लेटांचा असतो. फोटो काढून धुतलेली प्लेट उजेडाला घाबरत नाही. बिल्कुल नाही. आजोबांनी हजार वेळा उजेडात धरून पाहिल्या असतील.’

‘नक्की?’

‘नक्की. ही माझी रोजची केमिस्ट्री आहे.’

‘म्हणजे मी इतकी वर्षं...’

‘तसं नका बघू आता.’

हेमलता उठली. डबा काढ म्हणाली. राजीवने स्टुलावर चढून आम्हांला खाली आणले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले. तो दोरा सोडणार एवढ्यात तिने त्याचा हात धरला.

‘थांब. मी आंघोळ करून येते. आईला पहिल्यांदा बघणार. पारोशी नाही बघणार.’

‘पारोशी मतलब?’ नातीने विचारले. अबोली बारा वर्षांची, जन्मापासून दिल्लीत.

‘बिना नहाए,’ राजीव म्हणाला. ‘आणि तू पण जा नंतर.’

हेमलताने गीझर लावला. एक बादली स्वतःसाठी आत ठेवली आणि उरलेले कोमट पाणी, वाया कशाला घालवायचे म्हणून, टबात भरून केतकीला बाहेर दिले. भांड्यांना वापर म्हणाली. मग न्हाणीघराचे दार लागले.

केतकीने दोरा सोडला. माझ्यावर उजेड पडला. गुणवंताने डबा बांधला, त्यानंतरचा हा पहिला. आम्हांला काही झाले नाही. केतकीचे म्हणणे अगदी बरोबर होते.

पण आम्ही चांगल्या दिसत नव्हतो. काळ्या कागदाचे तुकडे चिकटलेले, बुरशीची नक्षी, कडांना चांदी वर येऊन झालेली निळसर चकाकी. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यावर ठेवून मोबाइलने आमचे फोटो काढायचे आणि ते उलटे करायचे, म्हणजे काळ्याचे पांढरे, असे केतकीने ठरवले. म्हणजे दवाखान्यात प्रभाताईंना थेट चेहरे दाखवता येतील. ‘पण आधी जरा स्वच्छ करते,’ ती म्हणाली. ‘आईंनी बाहेर येऊन ही अशी मळकी काच बघायला नको.’

तिथेच टब होता. तिने त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले आणि आम्हांला एकेक करून आत सोडले.

जिलेटिन कोमट पाण्यात फुगते, मऊ होते आणि आधाराला धरून राहत नाही. हे तिने वर्गात शिकवलेले होते, मुलांकडून प्रयोग करून घेतलेले होते. पण तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर जिलेटिन नव्हते. मळलेली काच होती, आणि सासूबाई बाहेर यायच्या आत ती लख्ख करायची होती.

धुराड्याची प्लेट तिने आधी उचलली. मऊ फडक्याने पुसली. ‘वा, काय निघतंय बघ,’ असे ती अबोलीला म्हणालीसुद्धा. ती काच स्वच्छ निघाली. मग नावांची, मग घाटाची. ती आणखी स्वच्छ निघाली. रंगाऱ्यांच्या हातांच्या प्लेटेवरून काळसर साय निघून पाण्यात गेली आणि मळ म्हणून तिने ती बोटाने बाजूला सारली. मी त्याच पाण्यात तळाशी होते. माझ्या डाव्या कडेला, जिथे बुरशी सर्वांत आत आली होती, तिथे थर काचेवरून उचलला जात होता. मला ते समजत होते आणि त्यावर मला काहीही करता येत नव्हते. मित्रांनो, काचेला हात नसतात याचे मला एरवी कधी वाईट वाटले नाही.

अबोली टबात वाकून पाहत होती. ‘आई,’ ती म्हणाली, ‘पाण्यात एक बाई आहे.’

केतकीने पाहिले. माझ्या डाव्या कडेपासून थराची एक पट्टी सुटून पाण्यात तरंगत होती. तिच्यावर द्वारका होती. पदर, खांदा, चेहरा. पाणी हलले की ती हलत होती. जिलेटिन फुगल्यामुळे ती हळूहळू रुंद होत होती.

‘अरे देवा,’ केतकी म्हणाली. मग तिच्या तोंडून सगळे हिंदीतच आले. ‘रुक, रुक, हाथ मत लगा.’

तिने मला दोन्ही हातांनी, अगदी आडवे धरून, पाण्याबाहेर काढले आणि टॉवेलवर ठेवले. माझ्यावर बाकीचा थर अजून चिकटून होता, फक्त सुटलेल्या कडेला चुण्या पडल्या होत्या. राजीवने फ्रीजमधले थंड पाणी आणले. केतकीने ते टबाच्या कडेने, धार न पाडता, आत सोडले. मग तिने पट्टीखालून एक कागद सरकवायला घेतला. पट्टी कागदावर आली. कागद वर उचलताना पाणी एका बाजूने ओघळले आणि त्याबरोबर पट्टीही ओघळली. ती दुमडली, तिचे दोन तुकडे झाले, तुकड्यांचे आणखी तुकडे झाले. पाण्यात काळसर कण दिसत राहिले. त्यांतला डोळा कोणता आणि पदर कोणता, ते आता कोणाला सांगता आले नसते.

न्हाणीघराचे दार उघडले.

हेमलता ठेवणीतले लुगड्यासारख्या काठाचे हिरवे पातळ नेसून आली होती. केसांतून पाणी गळत होते. तिने टेबलाकडे पाहिले. ओळीने मांडलेल्या लख्ख काचा पाहिल्या. त्यांच्या आरपार टेबलाची फुलांची चादर दिसत होती.

‘कुठंयत फोटो?’

केतकीने हातातला ओला कागद खाली ठेवला. शेवटी अबोलीच म्हणाली, ‘आजी, पाण्यात गेले.’

हेमलता केतकीकडे वळली. ‘तू तर म्हणालीस उजेड काही करत नाही.’

‘उजेडानं नाही झालं, आई. पाण्यानं झालं. मी धुतल्या. मला... मला हे माहीत होतं. मी शिकवते हे.’

‘उजेडानं काय आणि पाण्यानं काय.’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘मला काय फरक.’

ती खाली बसली आणि टब स्वतःकडे ओढला. पाण्यात हात घालायला गेली आणि थांबली. ते पाणी तिनेच गरम केले होते. ते तिला त्या क्षणी आठवले का, मला सांगता येणार नाही. केतकी तिच्या शेजारी फरशीवर बसली. दोघींपैकी कोणीच दुसरीला हात लावला नाही.

राजीव म्हणाला, ‘आई, ही एक आहे अजून. हिच्यावर बायका आहेत.’

तो माझ्याबद्दल बोलत होता. हेमलताने मान वर केली. माझ्यावर अजून रांगा होत्या. डावे टोक तेवढे गेले होते. कोणती बाई गेली हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. अबोलीने आणि केतकीने पाण्यातली बाई पाहिली होती, पण ती कोण ते त्यांना ठाऊक नव्हते. आई उरलेल्यांत असेल, अशी आशा हेमलताच्या चेहऱ्यावर आली. मला ती बघवली नाही. मला सत्य माहीत होते.

अमोलचा पुन्हा फोन आला. आईला अतिदक्षता विभागात हलवणार आहेत, आत्ता बोलते आहे तोवर या.

मी पुरती वाळले नव्हते. तरी मला लॅपटॉपवर काचेच्या बाजूने टेकवून केतकीने फोटो घेतला. मोबाइलवर तो उलटा केला आणि तो फोन हेमलताच्या हातात दिला. हेमलताने एक नजर टाकली आणि फोन पालथा केला. ‘आत्ता नाही. प्रभाताई सांगतील तेव्हा.’ मला तिने ताटात ठेवले आणि ताट मांडीवर घेऊन गाडीत बसली. बदरपूरला गाड्या तुंबल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला ती ताट दोन्ही हातांनी वर उचलून धरी, म्हणजे धक्का तिच्या दंडांत जाई, माझ्यापर्यंत येत नसे. राजीवने एकदा म्हटले, ‘आई, मागे टेकून बस जरा.’ ‘तू समोर बघ,’ ती म्हणाली.

फरिदाबादच्या दवाखान्यात प्रभाताई उशीला टेकून बसली होती. नाकात नळी होती. हेमलताला पाहून ती म्हणाली, ‘आणलास शेवटी. अंधार केला की नाही मग?’

हेमलताने फोन तिच्यासमोर धरला. अबोलीने शेजारून चित्र मोठे करून दिले. बायका आता नेहमीच्या बायकांसारख्या दिसत होत्या, गोऱ्या, सावळ्या, कपाळावर काळे कुंकू. प्रभाताईने बोट पुढे केले. बोटाला चिमटा लावलेला होता, म्हणून दुसरे पुढे केले.

‘ही कौतिका. फार भांडायची. ही सलमाबी, हिचा आवाज काय गोड. ही... हिचं नाव गेलं. हिच्या नवऱ्याची नाव होती. ही माझी माय.’ ती थोडे थांबली. श्वास घेतला. ‘आणि ही मी. बघ कशी उभी आहे, जशी काही गिरणी माझीच.’

‘आणि माझी आई?’

बोट प्रत्येक चेहऱ्यावरून गेले. मागची रांग, मधली, पुढची. हेमलताचे डोळे त्या बोटाबरोबर चालले होते. पुढच्या रांगेत ते डावीकडे सरकत सरकत लहानग्या प्रभापाशी आले आणि तिच्या पलीकडे गेले. तिथे मी नुसती काच होते. नुसती काच उलटी केली की काळी दिसते.

‘इथं काळं का केलंत?’ प्रभाताईने विचारले. ‘इथं द्वारकाबाई होती.’

केतकी खोलीबाहेर गेली. राजीव तिच्यामागे गेला.

हेमलता उभीच होती. तिने फोन खाली केला नाही. प्रभाताईने तिच्याकडे पाहिले, परत चित्राकडे पाहिले. काय झाले ते तिने विचारले नाही. दवाखान्यात बरेच दिवस काढलेल्या माणसाला बहुतेक ते विचारावे लागत नाही.

‘मोठं कर गं पोरी,’ ती अबोलीला म्हणाली. ‘माझा खांदा. अजून मोठा. तो बघ.’

लहानग्या प्रभाच्या खांद्यावर चार बोटे होती. मनगटात दोन बांगड्या. मनगटापुढे काळोख सुरू होत होता.

‘मी लई वळवळी होते. फोटो निघेस्तोवर हलू नको म्हणून दाबून धरलं होतं तिनं. दुखलं होतं मला.’

हेमलता वाकली. पडद्यावर ती बोटे दाण्यादाण्याची दिसत होती, पण कडा तीक्ष्ण होत्या, कारण तो हात हलला नव्हता. तर्जनीच्या पेरावर आडवे चर होते. सूत सारखे ओढून लडी करणाऱ्या बायकांच्या बोटांवर तसे चर पडत.

‘सांगा अजून,’ हेमलता म्हणाली. ‘ती कशी होती.’

प्रभाताई बोलत राहिली, श्वास पुरेल तसे. रंग तुझ्यापेक्षा उजळ. नाक जरा बसके. हसताना तोंडावर पदर घ्यायची, दात पुढे होते म्हणून. पोहता यायचं तिला, पुरुषांसारखं. परिचारिका येऊन वेळ संपली म्हणाली. हेमलता म्हणाली, ‘सिस्टर, बस दो मिनट.’ परिचारिकेने तेवढे थांबू दिले.

प्रभाताई त्या आठवड्यात गेली.

आता मी नव्या डब्यात आहे. केतकीने एका संग्रहालयातल्या माणसांना विचारून पांढरा, आम्ल नसलेला कागद आणला आणि कूलरपासून लांब, कोरड्या कपाटात आम्हांला ठेवले. धुतल्या गेलेल्या काचा राजीव टाकून देणार होता. हेमलताने टाकू दिल्या नाहीत. त्या माझ्या शेजारी उभ्या आहेत. धुराडे, घाट, नावा, रंगाऱ्यांचे हात यांच्या जागी आता आरपार दिसते. कवठघाटचे धुराडे पाडून तिथे गोदाम झाले आहे. ते कसे होते हे सांगणारी चांदी दिल्लीच्या गटारात गेली. ती परत येणार नाही, आणि येईल असे मी तुम्हांला सांगणार नाही.

केतकी त्या दिवसाबद्दल बोलत नाही. हेमलताही तिला कधी बोलत नाही. एकदा मात्र दोघी स्वयंपाकघरात असताना केतकी अचानक म्हणाली, ‘आई, तुम्ही मला रागवत का नाही?’ हेमलता भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवून म्हणाली, ‘मी इतकी वर्षं जपलं, तू एक सकाळ धुतलंस. कोणावर रागावू ते ठरत नाहीये.’

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. त्याला उजेड लागू द्या. ओल लागू देऊ नका. पुसायची घाई करू नका, मळ वाटतो तो कदाचित माणसाचा चेहरा असतो. त्याच्या प्रती काढा, एकापेक्षा जास्त काढा, वेगवेगळ्या घरांत ठेवा. मी काच आहे, मला एवढेच सांगता येते.

आणि चेहरे ओळखणारे माणूस अजून असेल, तर हे सगळे आजच करा. ते माणूस चित्रावर बोट ठेवून काही सांगू लागले, की तुम्ही मध्येच उठू नका. त्याचे बोट जिथे टेकले तिथे तुम्हांला काहीच दिसत नसले, तरीही उठू नका.